मामांचा चांगला पाय

मामांचे दोन पाय म्हणजे दोन वेगळी खाती होती. डावा परीक्षेचा आणि उजवा घरचा.

डाव्याचं आधी सांगतो, कारण नाव झालं ते त्याचं. मामा तरुणपणी विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचे. एकदा शिडी सरकली, मामा खाली आले आणि शिडीची कड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बसली. तुम्ही आत्ता हात लावून बघा, गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचं एक बोंड लागतं. त्याला वळसा घालून एक नस खाली पावलाकडे जाते, ती थेट कातडीखालून. वर ना मांस ना चरबी. पाऊल वर उचलणारे सगळे स्नायू तिच्या जिवावर चालतात, आणि मामांची नेमकी तीच तुटली. पाय कापावा लागेल असं दोघातिघांनी सांगितलं होतं. पण एका तरुण सर्जननं हट्टाला पेटून तो वाचवला. पाय वाचला, पाऊल मात्र लटकलं ते लटकलंच. चालताना गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल फटकन जमिनीवर टाकायचं, अशी चाल पडून गेली.

खांब सुटले. मामांनी गल्लीत पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचं दुकान थाटलं. आणि तो सर्जन पुढे मेडिकल कॉलेजात मोठे सर झाला, त्यानं मामांना परीक्षेला बोलवायला सुरुवात केली. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींनी मामांचा पाय तपासायचा आणि कुठली नस, कुठे तुटली ते सांगायचं. अशा माणसाला तिथे ‘केस’ म्हणतात. मामा म्हणजे कॉलेजातली सगळ्यात जुनी केस. परीक्षेच्या दिवशी दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून असे निघायचे की बायको म्हणायची, “अहो, मुलगी बघायला चाललात की पाय दाखवायला?”

तिथली उत्तरं मामांना तोंडपाठ होती. डोळे मिटायचे. नडगीच्या आतल्या बाजूला कापूस फिरला की ‘हो’. बाहेरच्या बाजूला ‘नाही’. पावलावर, अंगठ्याच्या बेचक्यात ‘नाही’. तळव्याला ‘हो’. एखादं पोर अगदीच गांगरलं, तर मामा हळूच गुडघ्याच्या बाहेरचं ते बोंड खाजवायचे. कॉलेजभर ही खूण माहीत होती. मामा खाजवतील तिथे बोट ठेव आणि पास हो, असं जुनी पोरं नव्यांना सांगायची. लबाडी होती, पण मामांच्या दृष्टीनं ते पुण्याचं काम होतं.

आता उजवा पाय. त्याचं कौतुक कुणीच केलं नाही. स्टुलावर चढायचं ते त्याच्यावर, जिन्याला आधी तो, सगळा भार घ्यायला तो. एक पाय गेल्यावर माणूस दुसऱ्याच्या जिवावर किती राहतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. तो गेला असता तर मामा कायमचे खुर्चीत बसले असते, दुकान बंद, जिना बंद, आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय संडाससुद्धा बंद. मामा हे जाणून होते, म्हणूनच तर बोलत नव्हते.

कारण हल्ली त्या पायाचं काही खरं नव्हतं.

चप्पल निसटायची. पाऊल पुढे, चप्पल मागे, आणि मामांना पत्ताच नाही. बाजारात बायको ती उचलून घेऊन यायची आणि चारचौघांत विचारायची, “ही कुणाची हो?” मामा म्हणायचे, पट्टा सैल झालाय. नवी चप्पल आणली, तीही निसटली. फरशीवरून चालताना वाटायचं, कुणीतरी खाली गादी अंथरलीय. कधी पाय लाकडासारखा ताठ व्हायचा. एकदा दुकानात पंखा आढ्याला टांगून बघताना मामा स्टुलावरून धाडकन खाली आले. नशीब, डोकं वाचलं. बायको वरच्या खोलीतून धावत येईपर्यंत मामांनी काय करावं? हातोडी घेतली आणि धडधाकट स्टुलाचा एक पाय ठोकून मोडला. “बघ, स्टूलच मोडलं,” म्हणाले. बायकोनं स्टुलाकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे काय, ते संसार केलेल्या माणसाला सांगायला नको.

घाबरला होता हो माणूस, दुसरं काय. भिजलेल्या मांजरासारखा घाबरला होता. आणि घाबरलेला माणूस ज्या दारात उत्तर मिळेल तेच दार टाळतो.

तर अशात परीक्षेचा दिवस आला.

लांबलचक वॉर्ड, हिरव्या पडद्यांनी आडोसा केलेल्या कॉटा, कॉटेपाशी एकेक परीक्षार्थी आणि वातावरण असं तंग की सिस्टरच्या बांगडीचाही आवाज यावा. मामा नेहमीच्या कॉटवर आडवे झाले. पायजमा वर सरकवला, डावा पाय पुढे काढून ठेवला. सकाळची पोरं ठीकठाक गेली. एकानं तर मामा खाजवायच्या आतच बोंडावर बोट ठेवलं. मामांना जरा वाईटच वाटलं.

मग ती आली. चष्म्याची, बारीक अंगाची पोरगी. हात गार पडले असणार, कारण तपासायच्या आधी तिनं ते एकमेकांवर चोळले. “मामा, तुमचे पाय बघू ना?” तिनं विचारलं आणि सरळ उजव्या पायाकडे वळली.

“अगं पोरी, तो नव्हे,” मामा कुजबुजले. “डावा. डावा.”

“डावाही बघते मामा. दोन्ही बघायचे असतात.”

दोन्ही बघायचे असतात हे सगळ्यांनाच शिकवतात. पण परीक्षेत घड्याळ बसलेलं असतं उरावर. बाकीची पोरं चांगल्या पायावरून एक हात फिरवायची, तुलनेपुरता, आणि डाव्यावर तुटून पडायची. ही बया निवांत. तिनं डाव्या पायाचं सगळं केलं. पाऊल वर उचला म्हणाली, उचललं नाही. बाहेर वळवा, वळलं नाही. आत वळवा, वळलं. मांडी बाजूला रेटा म्हणाली, मामांनी दणकून रेटली. पाऊल आत वळतंय आणि मांडीही बळकट आहे, म्हणजे दोष कमरेच्या मणक्यात नाही, खाली गुडघ्यापाशीच आहे, एवढं तिला कळलं. तिच्या डोळ्यांत मामांना ते दिसलं आणि त्यांनी खाजवायला नेलेला हात परत घेतला. झालं की, पास! आता सरांना बोलव आणि सुट.

पण ती थांबेना. रबरी हातोडी घेऊन तिनं उजव्या गुडघ्याखाली टकटक केलं आणि पाय असा उसळला की तिचा चष्मा थोडक्यात वाचला. तिनं परत मारलं. परत तसाच. मग तिनं उजवं पाऊल तळहातात घेतलं आणि झटक्यात वर दाबून धरलं, तर पाऊल आपोआप थडथड थडथड उडायला लागलं. मामा काही करत नव्हते! त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, थांबेना. आपलाच पाय, आणि आपलं ऐकेना. मामांच्या कपाळावर घाम आला.

“गारठलाय जरा,” ते म्हणाले.

किल्लीच्या टोकानं पोरीनं उजव्या तळव्यावर टाचेपासून बोटांकडे एक रेघ ओढली. तळव्याला असं केलं की धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो. मामांचा अंगठा हळूच, फणा काढावा तसा वर उठला. मामांना तो दिसला नाही; त्यांना दिसला पोरीचा चेहरा.

“डोळे मिटा मामा. कापूस लावला की ‘हो’ म्हणा.”

हे बरं. हे तर पाठच होतं. मामांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. हो. हो. नाही. नाही. हो. उजव्या पायाला काय, सगळंच हो. हो, हो, हो.

मग जरा वेळ गेला.

“मामा,” अगदी हळू, कानाशी आवाज आला. “शेवटच्या तीन वेळा मी कापूस लावलाच नव्हता.”

मामांनी डोळे उघडले. तिच्या हातात कापूस होता आणि तो हात पाठीमागे होता. पोरीला काहीतरी म्हणणार, तेवढ्यात पडदा सरकला आणि मोठे सर आत आले.

मोठे सर म्हणजे आता पांढरे केस, जाड भिवया, आणि आवाज असा की पोरांची अर्धी अक्कल दारातच गळायची. “हं. बोला.”

पोरीनं डाव्या पायाचं बिनचूक सांगितलं. नस कुठली, तुटली कुठे, कमरेतून का नाही. सरांनी मान हलवली. “छान. झालं?”

“नाही सर. उजवा पाय नॉर्मल नाही.” ती थांबली नाही. “दोन्ही पायांकडे जाणाऱ्या नसा वर कुठेतरी दबल्यात, असं वाटतं. पाठीच्या कण्यात.”

सर हसले. “हा पाय मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो. इतक्या वर्षांत या कॉटवर इतके परीक्षार्थी होऊन गेले, कुणाला दिसलं नाही ते?”

“सर, सगळे डावाच बघतात. आणि डाव्या पायाचा अंगठा वर उठूच शकत नाही, त्याला उचलणारी नसच तुटलीय. खूण डावीकडे दिसणारच नाही. उजवीकडे बघितलं तर...”

“मला शिकवू नकोस.” सरांच्या भिवया जवळ आल्या. ते मामांकडे वळले. “काय मामा? उजवा पाय कसा काय?”

आता बघा. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. चप्पल, गादी, स्टूल, सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण समोर कोण? ज्या माणसानं पाय वाचवला तो. त्याच्यासमोर, त्याच्याच परीक्षेत, त्याला खोटं पाडायचं? आणि एकदा का तोंडातून निघालं की ते खरं होणार. मामांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “एकदम मस्त, सर!”

“ऐकलंस?” सर म्हणाले, हातातल्या कागदावर काहीतरी खरडलं आणि पडद्याबाहेर पडले.

पोरगी हातोडी, कापूस, किल्ली पिशवीत भरू लागली. हातोडी दोनदा खाली पडली. चिडली असती, चार शब्द सुनावले असते तर मामांना बरं वाटलं असतं. जाताना तिनं त्यांच्या पायावर चादर नीट ओढली आणि म्हणाली, “मामा, जिन्यावर कठड्याला धरून चढत जा. पडाल कुठेतरी.”

बस्स. एवढंच. पण पाय दगा देतो म्हणून पडलो, हे मामांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा. आणि जिला आपण आत्ता तोंडघशी पाडलं, तिला काळजी कुणाची? आपली! मामांना स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की कॉटवर पडून राहवेना. आणि लाजेच्या मागून भीती आली, ती लाजेहून मोठी. ही पोरगी गेली की हे सांगणारं पुन्हा कुणी येणार नाही. पुढच्या वर्षी परत सगळे डाव्या पायावर तुटून पडतील.

मामा उठले. चपला शोधायच्या भानगडीत न पडता अनवाणी, कॉटांच्या दांड्यांना धरत, फटक फटक करत वॉर्डच्या मधोमध आले.

“सर! मी खोटं बोललो!”

पडद्यांमधून डोकी बाहेर आली.

“तिनं कापूस लावला नव्हता, तरी मी ‘हो’ म्हणालो. तुम्ही विचारलंत तरी मस्त म्हणालो. मला सगळं पाठ झालंय सर! खरं कळतं की नाही ते बघतच नाही मी. चप्पल निसटते माझी. स्टुलावरून पडलो, आणि बायकोला कळू नये म्हणून स्टुलाचा पाय मीच मोडला.” मामांचा श्वास लागला होता. “डाव्याची सवय झाली हो. पण उजवा गेला तर मी काय करू? ती पोरगी खरं बोलतेय. मला बघा सर, पाया पडतो तुमच्या, पण बघा.”

सरांनी मामांना दंडाला धरून कॉटवर आणलं, स्वतः पडदा ओढला आणि पोरीला खुणेनं आत बोलावलं. मग खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला. लोखंडी काटा असतो तो, आपटला की थरथरतो. तो आपटून त्यांनी त्याचा दांडा मामांच्या उजव्या अंगठ्यावर टेकवला.

“डोळे मिटा. थरथर थांबली की सांगा.”

मामा वाट बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर माहीत नव्हतं. बराच वेळ गेला.

“सर,” मामा शेवटी म्हणाले, “सुरू केलं का तुम्ही?”

पोरीनं तोंडावर हात ठेवला. सरांनी काटा घोट्यावर टेकवला, मग गुडघ्यावर, मग कमरेच्या हाडावर. मग टाचणी घेऊन मांडीवरून वर वर आले. बेंबीच्या वर चार बोटं आल्यावर मामा एकदम ओरडले, “आई गं! टोचतंय!”

“इथे टोचलं?”

“इथे. खाली नुसतं दाबल्यासारखं वाटत होतं.”

सर कॉटच्या कडेवर बसले. त्यांचा आवाज अगदी उतरला होता. “मी दरवर्षी इथेच उभा असतो, मामा. मीच बोलावतो तुम्हाला. आणि मी तुमचा उजवा पाय कधी बघितलाच नाही.” मग पोरीकडे मान वळवली. “तू सांगितलंस तेच आता मी लिहितो. बाहेर जाऊन पाणी पी.”

मामांना त्या दिवशी घरी सोडलंच नाही. मोठ्या मशिनीत घालून पाठीचे फोटो काढले. पाठीच्या मधोमध, मणक्याच्या आत शेंगदाण्याएवढी गाठ होती आणि ती मज्जारज्जूला, म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या नसांच्या मोळीला, दाबत बसली होती. गाठ जातीनं बरी असावी, कॅन्सरची नसावी, सर म्हणाले. काढता येईल. पण इतके दिवस दबलेल्या नसा उठतील की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. कदाचित आहे तेवढंच राहील. आणि क्वचित, ऑपरेशननंतर पाय आणखी जातात. हे त्यांनी मामांच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

बायको आली ती रणचंडी होऊन. “मला वेडी समजता का हो तुम्ही? स्टुलाचा पाय आतून बाहेर मोडला होता. माणूस चढल्यावर मोडतो का तसा? मी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल!” मामा खाली मान घालून ऐकत होते. ऐकण्यासारखंच होतं. मग पदरानं तोंड दाबून ती खिडकीकडे गेली आणि तिथेच उभी राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मामांना जेवण गेलं नाही. “खुर्चीत बसवलंस तर दुकानाच्या दाराशी बसव,” ते म्हणाले. “मिक्सर हातानं होतात, त्याला पाय लागत नाहीत.”

“गप्प बसा,” बायको म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “दाराशीच बसवीन. रस्ता दिसेल.”

सकाळी त्यांना आत नेलं. दार बंद झालं आणि बायको बाकावर बसून राहिली. बाकाच्या त्या टोकाला चष्म्याची पोरगी येऊन बसली होती. परीक्षा पास झाल्याचं सांगायलाही तिला सुचलं नाही. दुपार कलली तेव्हा सर बाहेर आले. गाठ निघाली, म्हणाले, सगळी निघाली. पुढचं पाय सांगतील.

आणि पाय काही सांगेनात. मामा शुद्धीवर आले, बोलले, पाणी मागितलं. सरांनी पाऊल हलवा म्हटलं, उजवं जरासं हललं, तेवढं तर आधीही हलत होतं. कापूस लावला. मामा डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून पडून राहिले. ‘हो’ म्हणायला जीभ किती वळवळत असेल! पण नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सर ‘वेळ लागतो’ म्हणून निघून जायचे, आणि ते गेले की मामा भिंतीकडे बघत पडायचे. पाठीला टाके असल्यामुळे त्यांना कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपवत होते. बायको यायची, डबा ठेवायची, नळावर भांडी विसळायची, परत यायची.

अशीच ती एका सकाळी भांडी विसळून आली. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपले असतील असं तिला वाटलं. चादर सरकून उजवं पाऊल उघडं पडलं होतं. ती आवाज न करता पायथ्याशी गेली आणि पाऊल झाकायच्या आधी, उगाचच, तिनं त्यावर हात ठेवला.

“अगं,” मामा भिंतीकडे बघतच वैतागून म्हणाले, “हात पूस ना आधी. किती गार आहेत!”

बायको जागच्या जागी थिजली. काय बोलून गेलो, ते मामांनाही तेव्हा कळलं.

“काढू नकोस,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. “तसाच ठेव.”

तिनं दुसराही ओला हात पावलावर ठेवला आणि तिथेच कॉटच्या पायथ्याशी बसून ती हमसून हमसून रडायला लागली.